खंड्या सेन्सरवर किती मिलिमीटरचा?

टेलिफोटो झूम, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स, घ्यायला निघालेल्या माणसाचा दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ३०० पुरेल की ६०० लागेल? याचं उत्तर घरबसल्या काढता येतं, आणि त्यासाठी शाळेतले समरूप त्रिकोण आठवले तरी पुरे. पक्ष्याच्या आकाराला लेन्सच्या नाभीय अंतराने (लेन्सवर लिहिलेले ३०० किंवा ६०० मिमी ते हेच) गुणायचं आणि पक्षी किती अंतरावर आहे त्याने भागायचं. येतो तो सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार.

भिगवणचं उदाहरण घेऊ. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात आणि कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमार होडीतून त्यांच्या बऱ्यापैकी जवळ नेतात. रोहित सव्वा मीटर उंच धरला आणि होडी ४० मीटरवर थांबली, तर ३०० मिमीच्या लेन्सने प्रतिमा येते साधारण साडेनऊ मिलिमीटरची. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरची उंची १५ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे रोहिताने चौकटीची जवळजवळ दोनतृतीयांश उंची व्यापली. याहून जास्त काय हवं?

आता काठावरच्या तारेवर बसलेला खंड्या पाहा. लांबी जेमतेम २७ सेंटिमीटर, अंतर २० मीटर. तीच लेन्स त्याला फक्त चार मिलिमीटर करते. ६०० मिमी लावली तर आठ. आणि बोटभर शिंजीर दहा मीटरवर असला, तर ६०० मिमीवरही सहाच मिलिमीटर. म्हणून ‘पक्ष्यांसाठी लेन्स’ असं मोघम विचारण्यात अर्थ नाही. कुठला पक्षी आणि किती लांबून, हे आधी ठरवावं. या गणितात सेन्सरचा आकार कुठेच येत नाही, हेही लक्षात घ्या. ‘क्रॉप सेन्सरवर (एपीएस-सीसारख्या लहान सेन्सरवर) ३०० ची ४५० होते’ असं सर्रास सांगतात, पण प्रतिमा तेवढीच राहते, फक्त चौकट लहान होते.

मग ३०० ने काढून फोटो कापला तर? इथे खरा मुद्दा येतो, आणि माझ्या मते लेन्स निवडताना सर्वांत दुर्लक्षित राहतो तोही हाच. नाभीय अंतराला एफ-आकड्याने (लेन्सवर एफ/५.६ असा लिहितात तो; जितका लहान, तितका जास्त प्रकाश) भागलं की लेन्सच्या प्रकाश घेणाऱ्या तोंडाचा व्यास मिळतो. ३०० मिमी एफ/५.६ म्हणजे ५४ मिमी. ६०० मिमी एफ/६.३ म्हणजे ९५ मिमी. शटर स्पीड तोच ठेवला, तर खंड्याकडून येणारा तिप्पट प्रकाश दुसरी लेन्स गोळा करते, एफ-आकडा तिचा थोडा वाईट असूनही! प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो. फोटॉन जितके कमी, तितका त्यांच्या संख्येतला चढउतार ठळक, आणि पिसांवर रवाळ दाणे दिसतात ते मुख्यतः त्यामुळे. कापून पक्षी मोठा दिसेल, पण न आलेला प्रकाश परत येत नाही. मोठं तोंड म्हणजे मोठी काच, मोठी काच म्हणजे वजन. सोनीची २००-६०० आणि निकॉनची २००-५००, दोन्हींना ९५ मिमीचा फिल्टर लागतो आणि दोन्ही दोन किलोंच्या वर आहेत. ६०० मिमी एफ/४ ला १५० मिमीचं तोंड लागतं; किंमत लाखांत जाते ती उगाच नाही.

टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून नाभीय अंतर वाढवणाऱ्या जोडभिंगाचा, मोह मात्र आवरावा. १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की एफ/६.३ चा एफ/९ होतो. तोंड तेवढंच राहतं आणि तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो. पहाटेच्या उजेडात अशा जोडणीवर ऑटोफोकस चाचपडू लागतो.

होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, कारण होडी हलते तसा तोही हलतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं, पण पंखांची फडफड थांबवत नाही. उडत्या रोहितासाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ हवा, म्हणजे पुन्हा प्रकाशाचाच प्रश्न. आणि ऊन चढलं की तापलेल्या हवेच्या थरांतून किरण वेडेवाकडे वळतात, पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा लवथवतो. याला कुठलीच लेन्स उपाय नाही. लांब लेन्स तो लवथवाटही मोठा करून दाखवते. सकाळी लवकर निघावं आणि पक्षी उठणार नाहीत इतपतच जवळ जावं.

माझं मत विचाराल तर रोहित, चित्रबलाक, बगळे एवढंच हवं असेल त्याने हलकी ७०-३०० किंवा १००-४०० घ्यावी आणि मान-खांदे वाचवावेत. छोट्या पक्ष्यांचं वेड असेल तरच १५०-६०० च्या वाटेला जावं. दुकानात आपला कॅमेरा नेऊन झूम पूर्ण ताणून आणि ॲपर्चर (प्रकाश घेणारं तोंड) पूर्ण उघडं ठेवून समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरं टिपून पाहा. बऱ्याच झूम लेन्स नेमक्या त्याच टोकाला ढिल्या पडतात, आणि आपण वापरणार तेच टोक.

जुनी लेन्स घेत असाल तर मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून आत पाहा. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या लेन्समध्ये कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसू शकतात. ती बुरशी. ती काचेवरच्या लेपालाही इजा करते, मग साफ करूनही डाग राहू शकतात. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.