संगणकाचे उन्हाळ्यापासून रक्षण (ग्रामीण विदर्भ)

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत विदर्भात दुपारचा पारा कित्येक दिवस ४२ ते ४६ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात तो ४८ अंशांच्या घरात गेला होता. या तपनीत ग्रामपंचायत, सेतू केंद्र, शाळा, झेरॉक्सचे दुकान किंवा घर अशा ठिकाणचे संगणक, बॅटऱ्या आणि प्रिंटर चालू ठेवण्यासाठी जे उपाय करतात, त्यांची ही नोंद आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या खोलीतच यंत्र वापरायला सांगतात. टिनाच्या खोलीत मे महिन्यात सकाळी दहालाच ही मर्यादा मागे पडते.

सगळ्यात आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. संगणकाचा पंखा गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता बाहेर फेकतो. प्रोसेसरचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचे, तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढत जाते. २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ६५ वर चालतो, तोच ४५ अंशांच्या खोलीत ८५ च्या पुढे जातो. शंभरीच्या जवळ आला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि त्यानेही भागले नाही तर बंद पडतो. ‘दुपारी कॉम्प्युटर हळू चालतो’ ही तक्रार बहुतेक वेळा व्हायरसची नसून याच कारणाची असते. मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरच्या, कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागांचे आयुष्य साधारणपणे दर १० अंशांच्या वाढीला निम्मे होते, आणि यूपीएसच्या बॅटरीचीही जवळपास तीच गत होते. म्हणून यंत्राआधी खोलीकडे पाहिले पाहिजे.

जुन्या मातीच्या भिंतीची, कवेलूची खोली या कामाला टिनापेक्षा कितीतरी चांगली. टिनच असेल तर त्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि खाली वीतभर पोकळी सोडून छत लावावे. टिनावर पऱ्हाट्या, तुराट्या पसरण्याची जुनी रीत उपयोगाची आहे, पण वाळलेल्या काड्यांच्या जवळून विजेची तार जात असेल तर ती टाळावी. खिडक्या रात्रभर उघड्या ठेवाव्या आणि सकाळी नऊच्या आत लावून घ्याव्या. संगणकाचे टेबल पश्चिमेच्या भिंतीला लावू नये, कारण संध्याकाळी सहानंतरही ती भिंत हाताला चटका देते.

कूलर हा विदर्भाचा खरा आधार. इथला उन्हाळा कोरडा असल्याने वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरते. मात्र कूलरचे तोंड थेट संगणकावर रोखणे ही मोठी चूक आहे. झोतासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात त्या पाण्यात क्षार असतात. ताट्यांवर जो पांढरा थर धरतो, तोच थोडा थोडा बोर्डावरही बसतो. म्हणून झोत भिंतीवर किंवा माणसावर सोडावा आणि समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो. कूलर आणि संगणक एकाच एक्सटेन्शन बोर्डावर लावू नयेत. कूलरला स्वतंत्र प्लग आणि अर्थिंग हवेच. लोखंडी कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. इथे जिवाचा प्रश्न आहे, यंत्राचा नंतर.

दुसरा शत्रू धूळ, आणि विदर्भात तिच्यात कापूस मिसळलेला असतो. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत जिनिंग चालू असते, त्या काळात गावच्या हवेत बारीक तंतू उडतात. जिनिंगजवळच्या खोलीतला कॅबिनेट मार्चमध्ये उघडला तर प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत राखाडी थर घट्ट बसलेला दिसतो. चिमटीत धरून ओढला की गोधडीच्या तुकड्यासारखा सलग निघतो. तो तसाच राहिला तर नवा पंखा बसवूनही फरक पडत नाही. सफाई होळीच्या सुमाराला, ऊन चढण्याआधी करावी. वीज काढून, मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरावा आणि हवा मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर ते भिरभिरून बेअरिंग खराब होते. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर आणि त्यावरच्या पात्यांच्या मधली, उष्णता पात्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर तीही बदलावी. कॅबिनेटचे झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावण्याची पद्धत सर्रास दिसते. अडल्या दिवशी ती चालते, पण कायमची ठेवली तर तीच धूळ दुपटीने आत जाते.

सगळ्या घरांत कूलर सुरू झाले की रोहित्रावर भार येतो आणि व्होल्टेज पडते. कमी व्होल्टेजवर संगणकाचा पॉवर सप्लाय जास्त विद्युतप्रवाह ओढतो आणि अधिक तापतो. त्यासाठी स्टॅबिलायझर लागतो. लाईन गेल्यावर यूपीएसवर दुपारभर काम ओढण्यापेक्षा यंत्र बंद करणे बरे. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवू नये, खालची जाळी झाकली जाते. तापलेला फोन चार्जिंगला लावू नये.

अडचण अशी की कामाची गर्दी नेमकी याच दिवसांत येते. दहावी-बारावीचे निकाल, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, पीककर्जासाठी सातबारा, सारे मे-जूनमध्येच. अशा वेळी सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर केंद्र चालवणे लोकांच्याही सोयीचे असते, कारण दुपारी उन्हातून पायी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचाही त्यात विचार होतो. मोठ्या छपाईचे काम सकाळीच उरकावे.

मृगाचा पाऊस पडला की हवेतली आर्द्रता वाढते आणि कूलरचा गारवा संपतो. तोवर साठलेली धूळ ओल धरते आणि तांब्याच्या जोडण्यांवर हिरवट डाग येतात. म्हणून कॅबिनेटची दुसरी सफाई पहिल्या पावसाआधी, रोहिणीतच करून घेतात.