पीक विमा की हमीभाव? दोन योजना, दोन अर्ज आणि एकच सातबारा

"विमा भरलाय, मग हमीभावाची नोंदणी कशाला?" किंवा उलट, "हमीभाव आहे ना, मग विम्याचे पैसे का घालवायचे?" हे दोन्ही प्रश्न एकाच गैरसमजातून येतात. विमा उत्पादन घटल्यावर पैसे देतो. बाजारात सोयाबीन चार हजारांवर आले तरी त्याला त्याचे देणेघेणे नाही. हमीभावाची खरेदी बाजारभाव पडल्यावर आधार देते, पण खळ्यावर मालच आला नाही तर केंद्रावर नेणार काय? एक योजना घेतली म्हणून दुसरी बंद होत नाही. निवड करायची ती पीक, महसूल मंडळ (काही गावांचा गट) आणि खर्च पाहून, आणि तीही वेळेत. विम्याची मुदत जुलैमध्ये संपते, तर खरेदीची नोंदणी सोयाबीन काढल्यानंतर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होते.

इथले दर आणि नियम महाराष्ट्राचे आणि २०२५-२६ च्या हंगामाचे आहेत. ते दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्जाआधी त्या हंगामाचा शासन निर्णय जरूर पाहावा.

विम्यात आता काय मिळते, काय नाही

एक रुपयात विमा ही सवलत खरीप २०२३ मध्ये सुरू झाली आणि रब्बी २०२४-२५ नंतर बंद झाली. आता शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या (हेक्टरी जास्तीत जास्त भरपाईच्या) २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना जास्तीत जास्त ५ टक्के आहे. कांदा आणि कापूस नगदी पिकांत मोडतात.

हप्त्यापेक्षा मोठा बदल मात्र वेगळाच आहे आणि तो बऱ्याच जणांपर्यंत अजून पोहोचलेला नाही. खरीप २०२५ पासून राज्यात भरपाई ठरते ती फक्त हंगामाअखेरच्या सरासरी उत्पादनावर, म्हणजे पीक कापणी प्रयोगांवर (मंडळातल्या निवडक शेतांत पीक कापून केलेल्या मोजणीवर). भात, सोयाबीन आणि कापसाला त्यात उपग्रह तंत्रज्ञानाने काढलेल्या उत्पादनाचाही निम्मा वाटा धरला जातो. पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान ही जादा कवचे राज्याने काढून टाकली. त्यामुळे शेतात पाणी साचल्यावर ७२ तासांत विमा कंपनीला कळवण्याच्या जुन्या सवयीचा आता उपयोग नाही. अशा नुकसानीसाठी पंचनामा करून घ्यायचा आणि आपत्ती निवारण निधीतून मदत मागायची. त्या निधीचे केंद्र सरकारचे निकष हेक्टरी ८,५०० रुपये जिरायतीला, १७,००० बागायतीला आणि २२,५०० बहुवार्षिक पिकांना असे आहेत. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावे लागते. ती मदत विम्यापेक्षा वेगळी आहे. विमा नसला तरी ती मिळते आणि विमा असला म्हणून ती अडत नाही.

हिशेब एकदा स्वतः करून पाहा

विम्याचे सूत्र सोपे आहे, पण ते समजावून सांगणारा क्वचितच भेटतो. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन मंडळाचे सरासरी उत्पादन काढतात. त्याचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. यंदाचे मंडळाचे सरासरी उत्पादन त्याच्या जितके टक्के खाली जाईल, तितके टक्के विमा संरक्षित रकमेतून मिळतात.

समजा, मंडळाची चांगल्या वर्षांची सरासरी हेक्टरी १३ क्विंटल सोयाबीन आहे. उंबरठा झाला ९१० किलो. यंदा मंडळात ६३७ किलो निघाले, म्हणजे उंबरठ्यापेक्षा २७३ किलो कमी, घट ३० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५८,००० रुपये असेल तर हेक्टरी १७,४०० रुपये मिळतील. २ टक्क्यांच्या दराने हप्ता १,१६० रुपये, एकरी साधारण ४७० रुपये.

आता त्याच आकड्यांची दुसरी बाजू बघा. १३ क्विंटलऐवजी ६ क्विंटल ३७ किलो झाले म्हणजे ६६३ किलो गेले. हमीभावाने त्याचे ३५,३०० रुपये होतात. विम्याने त्यातले साधारण निम्मे दिले, कारण पहिली ३० टक्के घट शेतकऱ्यानेच सोसायची असते. आणि तुमच्या एकट्याच्या वावरात ४०० किलो आले, पण मंडळाची सरासरी ९२० राहिली, तर हाती शून्य. विहिरीवर भिजवणाऱ्याला उलटा अनुभव येतो. मंडळ कोरडे गेले आणि त्याचे पीक तरले तरी त्याला भरपाई मिळते.

म्हणून हप्ता भरण्याआधी कृषी कार्यालयात आपल्या मंडळाचे, आपल्या पिकाचे उंबरठा उत्पादन विचारा. ते मंडळाच्या नेहमीच्या उत्पादनापेक्षा खूप खाली असेल तर भरपाई फक्त मोठ्या दुष्काळात मिळेल. तरीही जिरायती सोयाबीन, मूग, उडीद असेल तर विमा सोडू नये असे आमचे मत आहे. एकरी पाचशेच्या आत एवढे कवच दुसरीकडे कुठे मिळत नाही.

हमीभावाचा हिशेब वेगळा. २०२५-२६ साठी सोयाबीन ५,३२८, तूर ८,०००, मूग ८,७६८, उडीद ७,८००, मका २,४००, मध्यम धाग्याचा कापूस ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल. बाजारात सोयाबीन ४,३०० ने जात असेल तर फरक १,०२८ रुपयांचा. वाळवणी, चाळणी, गाडीभाडे धरून क्विंटलला दीडशे गेले तरी पावणेनऊशे हाती राहतात. आठ क्विंटलला सात हजार रुपये. पण पैसा लगेच हवा असेल तर हा फरक कागदावरच राहतो, कारण नंबर लागेपर्यंत आणि नंतर रक्कम खात्यात येईपर्यंत आठवडे जाऊ शकतात.

कांद्याला हमीभाव नाही, म्हणजे तिथे विम्याशिवाय दुसरा आधार नाही. उसाला एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) आहे, पण तो या विम्यात नाही. फळबागांसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा ही स्वतंत्र योजना आहे.

विम्याचा अर्ज

आधी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे अ‍ॅग्रिस्टॅकची नोंदणी लागते. त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. सोबत आधार, सातबारा, आठ-अ, बँक पासबुक आणि पीक पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. कुळाने किंवा भाड्याने करणाऱ्याने नोंदणीकृत भाडेपट्टा करार जोडायचा. शंभराच्या स्टॅम्पवरचा आपसातला करार चालत नाही.

अर्ज बँकेत, सेवा केंद्रावर किंवा पीक विम्याच्या पोर्टलवर स्वतः करता येतो. सेवा केंद्राला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनी देते. शेतकऱ्याने हप्त्याशिवाय अर्जाचे शुल्क द्यायचे नसते. मागितले तर पावती मागावी. खरिपाची मुदत ३१ जुलै, रब्बी ज्वारीची ३० नोव्हेंबर, गहू, हरभरा आणि रब्बी कांद्याची १५ डिसेंबर, उन्हाळी भात आणि भुईमुगाची ३१ मार्च. मुदतवाढ अनेकदा मिळते, पण तिच्या भरवशावर बसलेल्यांना शेवटच्या दिवशी बंद पडलेले सर्व्हरच भेटतात.

कर्जदाराला विमा ऐच्छिक आहे. नको असेल तर मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेला लेखी कळवायचे, नाहीतर बँक खात्यातून हप्ता कापते. स्वतः सेवा केंद्रावर भरला आणि बँकेनेही कापला, असा दुहेरी विमा झाला की एक अर्ज बाद होतो आणि पैसे परत मिळायला फेऱ्या माराव्या लागतात.

अर्ज भरताना चुका होतात त्या क्षेत्रात. पोटखराबा (लागवडीखाली नसलेला भाग) वजा करा. सामायिक सातबाऱ्यावर फक्त आपल्या हिश्श्याचे क्षेत्र लिहा. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर पूर्ण क्षेत्र सोयाबीनला न दाखवता दोन्हींचे वेगळे दाखवा. जास्त क्षेत्र दाखवल्यास किंवा न पेरलेल्या पिकाचा विमा काढल्यास अर्ज रद्द होतो. बोगस अर्ज ठरला तर नाव पाच वर्षे काळ्या यादीत जाते.

मधला दुवा: ई-पीक पाहणी

दोन्ही योजनांचे दार एकाच किल्लीने उघडते: ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या गटात काय पेरले याची मोबाइल ॲपवर स्वतः केलेली नोंद. विमा उतरवला सोयाबीनचा आणि पाहणीत कापूस लागला, तर विमा बाद. पाहणीच केली नाही तर सातबाऱ्यावर पेरा कोरा राहतो आणि खरेदी केंद्र नोंदणी नाकारते. पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. गटात प्रत्यक्ष उभे राहून फोटो काढा, घरून काढलेला ॲप घेत नाही. चूक झाली तर ४८ तासांत एकदाच दुरुस्ती करता येते. रेंज नसेल तर फोटो काढून ठेवून नंतर माहिती पाठवता येते, पण ती गेली की नाही हे चार दिवसांनी ॲपमध्ये तपासा. "मी पाहणी केली होती" म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांची माहिती मोबाइलमध्येच अडकलेली असते.

हमीभाव खरेदीची नोंदणी

कडधान्ये आणि तेलबियांची खरेदी नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांतर्फे राज्यातल्या संस्था आणि केंद्रे करतात. नोंदणीला आधार, यंदाच्या पेऱ्याची नोंद असलेला सातबारा, आठ-अ, पासबुक आणि चालू मोबाइल क्रमांक लागतो. किती क्विंटल घेतील हे जिल्ह्याच्या ठरवलेल्या हेक्टरी उत्पादकतेवर अवलंबून असते, तुमच्या खळ्यातल्या ढिगावर नाही. एकूण खरेदीला राज्याच्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा आहे (तूर, उडीद, मसूर यांना सूट आहे). म्हणून नोंदणी पहिल्या आठवड्यातच करावी. बाजार नंतर हमीभावाच्या वर गेला तर माल केंद्रावर नेण्याची सक्ती नाही.

खरेदी केंद्राचा मेसेज आला की ज्याच्या नावे नोंदणी आहे त्यानेच जायचे, कारण केंद्रावर आधार पडताळणी होते. वयस्कर माणसांचे अंगठे उमटत नाहीत. त्यामुळे आधार केंद्रावर बोटांचे ठसे आधीच अद्ययावत करून घेतलेले बरे.

सर्वात जास्त गाड्या परत जातात त्या ओलाव्यामुळे. सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ती १५ पर्यंत शिथिल केली होती, पण ती त्या हंगामापुरती. मळणीनंतर दाणा १४-१५ टक्क्यांवर असतो, म्हणून ताडपत्रीवर पातळ थर देऊन दोन-तीन उन्हे दाखवा. रात्री झाका, नाहीतर दवाने ओलावा परत चढतो. घरून निघण्याआधी गावातल्या व्यापाऱ्याच्या किंवा सोसायटीच्या मीटरवर तपासा. माती, काडीकचरा २ टक्क्यांच्या आत हवा, म्हणून चाळणी घरीच मारा. कापसाचे गणित निराळे. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, ८ ते १२ मध्ये ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापते आणि १२ च्या वर घेत नाही. कापसाची नोंदणी 'कपास किसान' ॲपवर होते, वेळही तिथेच घ्यायची.

व्यापाऱ्याला सातबारा देऊन त्याचा माल आपल्या नावावर विकू देणे, हा प्रकार गावोगाव चालतो. तुमच्या क्षेत्राची मर्यादा त्यात संपते, पैसे तुमच्या खात्यात येतात आणि चौकशी लागली तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

पैसे अडकले तर

विम्याचे असोत वा खरेदीचे, रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ते जोडले गेले असे नाही. थेट लाभासाठी कोणते खाते सक्रिय आहे ते बँकेला विचारा. दोन-तीन खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात, आणि शेतकरी महिनाभर दुसरेच पासबुक भरत बसतो. विम्याच्या अर्जाची स्थिती पोर्टलवर पावती क्रमांकाने दिसते, तक्रार १४४४७ वर नोंदवता येते. बाद झाला असेल तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा ते नावातल्या फरकाचे किंवा क्षेत्राचे असते, आणि मुदतीत कळले तर दुरुस्त होते.

हमीभावाचा नंबर यायला वेळ आहे आणि घेणेकरी दारात आहेत, अशा वेळी पडत्या दराने माल विकण्याआधी बाजार समितीत तारण कर्जाची चौकशी करा. पणन मंडळाच्या योजनेत सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा गोदामात ठेवून बाजारभाव किंवा हमीभाव यांतल्या कमी रकमेच्या ७५ टक्के कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. ४,३०० च्या भावाने क्विंटलमागे ३,२२५ रुपये. मात्र ही योजना सगळ्या बाजार समित्या चालवत नाहीत, आणि चालवणाऱ्यांची गोदामे दिवाळीच्या सुमारास भरून जातात.