हिब्रू धर्मग्रंथांतील तटबंद नगरे व ईश्वरी साहाय्य

तटबंद नगर माणसाच्या बळावर पडत नाही, परमेश्वर ते हाती देतो, ही हिब्रू धर्मग्रंथांत वारंवार येणारी श्रद्धा. इस्राएल लोकांना देऊ केलेल्या कनान देशातील नगरांचे तट गगनाला भिडले आहेत, असे हेरांकडून कळताच त्यांचा धीर सुटला (‘अनुवाद’ नावाचा ग्रंथ, अध्याय १). त्याच ग्रंथात पुढे बाशानच्या ओग राजाची ६० नगरे जिंकल्याची नोंद आहे. उंच तट, वेशी आणि अडसर यांचा तिथे मुद्दाम उल्लेख येतो.

सर्वांत तपशीलवार वर्णन कनानातील यरीहो नगराच्या पाडावाचे आहे (यहोशवा ६); तेव्हा इस्राएलाचा नेता यहोशवा होता. त्यात शिड्या नाहीत, तट फोडण्याची यंत्रेही नाहीत. पुढे सशस्त्र लोक, मागे एडक्याच्या शिंगांची रणशिंगे फुंकणारे ७ याजक, मग कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) आणि शेवटी पिछाडीची तुकडी, असा क्रम होता. ६ दिवस रोज एक फेरी आणि सातव्या दिवशी पहाटेपासून ७ फेऱ्या. रणशिंगे वाजत राहायची, पण यहोशवाने सांगेपर्यंत लोकांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. आज्ञा होताच एकच गर्जना झाली, तट कोसळला आणि जो तो समोरून सरळ आत शिरला. सोने, चांदी व इतर धातू परमेश्वराच्या भांडारासाठी राखले. इस्राएलाच्या हेरांना आसरा देणाऱ्या राहाब या स्त्रीचे कुटुंब वगळता माणसांसह बाकी सारे नष्ट करण्यात आले. हा भाग आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो, पण तो कथेतून वगळता येत नाही.

कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोच्या टेकाडाचे उत्खनन केले. तिथल्या तटबंद नगराचा विध्वंस त्यांनी इ. स. पू. १५५० च्या सुमाराचा ठरवला. यहोशवाचा काळ बरेच अभ्यासक त्यानंतर सुमारे ३०० वर्षांनी धरतात. त्यामुळे या कथेकडे युद्धवृत्तान्तापेक्षा उपासनाविधी म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

हे साहाय्य बिनशर्त नाही. यरीहोच्या निषिद्ध लुटीतून आखान या इस्राएली माणसाने एक झगा, २०० शेकेल (वजनाचे प्राचीन माप) चांदी आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट लपवली. परिणामी, लहानशा आय नगरावर गेलेले सुमारे ३,००० लोक पळाले व ३६ मारले गेले. दोषीला शिक्षा झाल्यावर विजय मिळाला, तोही साध्या डावपेचाने: पश्चिमेला रातोरात दबा धरायचा, समोरच्या सैन्याने पळ काढल्याचे सोंग करायचे, शत्रू वेशी उघड्या टाकून पाठलागावर निघाला की मागून नगर पेटवायचे. दैवी मदत आणि युद्धकौशल्य यांत ग्रंथकार विरोध मानत नाही.

स्तोत्र ६० मध्ये हीच श्रद्धा पराभवाच्या छायेत दिसते. तटबंद नगरात मला कोण नेईल, असे विचारून स्तोत्रकर्ता लगेच तक्रार करतो की देव आता आमच्या सैन्याबरोबर निघत नाही. माणसाची मदत तर व्यर्थच आहे. या स्तोत्राचा उत्तरार्ध स्तोत्र १०८ मध्ये पुन्हा येतो, पण तिथे त्याच्याआधी स्तुती आहे.

संदेष्टा यिर्मया या श्रद्धेची दिशाच उलटवतो. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातला, तेव्हा तिथल्या सिद्कीया राजाने यिर्मयाकडे निरोप पाठवून चमत्काराची आशा व्यक्त केली. मी स्वतः, उगारलेल्या हाताने व बलवान बाहूने, तुमच्याशी लढेन, असे देवाचे उत्तर यिर्मयाने कळवले (यिर्मया २१). मिसरमधून सुटकेच्या वर्णनातले शब्द इथे इस्राएलावरच उलटले आहेत. सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर नगरात अन्न उरले नाही, तटाला खिंडार पडले आणि राजा रात्री पळताना यरीहोच्या मैदानात पकडला गेला.