‘एवढ्यात नको’ : सावधपणा कुठला, भीती कुठली

गेल्या गणपतीत इंदूरच्या रामबागेत एकाच संध्याकाळी दोघांनी मला एकच वाक्य ऐकवलं. मामेबहीण सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत आहे. तिला नोकरी सोडून चकली-चिवड्याचा स्वतःचा धंदा करायचाय. ती म्हणाली, “दादा, एवढ्यात नको.” शेजारच्या मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे, त्याला बडोद्याला ललित कला शिकायला जायचंय. तोही म्हणाला, “काका, एवढ्यात नको.”

दोघांचं ऐकून घरातल्या मोठ्यांनी मान डोलावली. शहाणी मुलं! पण मला ती दोन वाक्यं एक वाटली नाहीत.

बहिणीला विचारलं, का नको? तर उत्तर तयार होतं. घराचा हप्ता मार्चमध्ये संपतो, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडायचाय, तोवर शनिवार-रविवारच्या ऑर्डरी घेऊन बघतेय. मुलाचं कारण होतं, पोर्टफोलिओ तयार नाही. दिवाळीत पोर्टफोलिओ तयार झाला, तर होस्टेल महाग निघालं. वडील म्हणाले, पैसे मी देतो, तर आधी बी.कॉम. पूर्ण होऊ दे. वास्तविक इंदूरहून बडोद्याची वाट काही नवी नाही. इथेच १९१० मध्ये जन्मलेले ना. श्री. बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याला चित्रकला शिकवायला गेले होते. पण हे त्या पोराला सांगून उपयोग नव्हता. त्याची अडचण वाटेची नव्हतीच.

सावधपणाचं कारण पुरं झालं की ते बाजूला होतं. भीतीचं कारण पुरं झालं की त्याच्या जागी दुसरं येऊन बसतं. ओळखण्याची पहिली खूण हीच. दुसरी जरा आतली. सावध माणूस पैसे, वर्षं, तब्येत मोजतो. घाबरलेला माणूस चेहरे मोजतो. आत्या काय म्हणेल, वर्गातली मुलं काय म्हणतील. जॉन अ‍ॅटकिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये अपयशाच्या भीतीची फोड करताना तिच्या मुळाशी शरम ठेवली होती. मराठीला हे आधीपासून ठाऊक आहे. नापास झाल्यावर आपल्याकडे नाक कापलं जातं, खिसा नाही.

याच अ‍ॅटकिन्सनच्या कामात एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यात कामाची वाटते. त्याने आणि एका सहकाऱ्याने १९६० मध्ये विद्यार्थ्यांना खुंटीवर रिंगा टाकायला लावल्या. किती लांबून टाकायच्या, ते ज्याचं त्याने ठरवायचं. यश मिळवायची ओढ असलेले बहुतेक मधल्या अंतरावर उभे राहिले. अपयशाची धास्ती जास्त असलेले तुलनेने टोकाला गेले, एक तर अगदी जवळ, नाही तर फार लांब. जवळून चुकण्याची शक्यता कमी. लांबून चुकलं तरी कोण नावं ठेवणार? तिथून कुणाचीच लागत नाही.

म्हणजे भीती माणसाला नेहमी लहानच स्वप्न बघायला लावते असं नाही. कधी कधी ती अवाढव्य स्वप्नामागे लपते. आपल्या भंवरकुआंला संध्याकाळी एक चक्कर मारा. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं (एमपीपीएससी) मुख्यालय याच शहरात, कोचिंगच्या पाट्या डोक्यावर. यूपीएससीला दरवर्षी सुमारे दहा लाख अर्ज येतात, निवड साधारण हजाराची. तिथे नापास झालं तर ‘फार अवघड परीक्षा आहे हो’ म्हणून जग सांभाळून घेतं. पण तोच मुलगा चार शाळांत शिक्षकाच्या जागेसाठी गेला आणि नकार आला, तर त्याला आडोसा नाही. तिथे बसलेले सगळे असे आहेत असं मी म्हणत नाही, मनापासून झुंजणारे कितीतरी आहेत. फक्त एक विचारावं, थांबायचं केव्हा हे ठरलंय का? खुल्या प्रवर्गाला सहा प्रयत्न आणि ३२ वर्षं ही यूपीएससीची मर्यादा झाली. स्वतःची कुठली?

याचंच छोटं रूप म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात एकपर्यंत गराडू (तळलेला कंद) खात बसणं. पेपर बिघडला तर ‘अभ्यासच कुठे केला होता’ म्हणायची सोय! १९७८ मध्ये बर्गलास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगात पकडलं. काही जणांना न सुटणारे प्रश्न देऊन वर शाबासकी दिली. मग पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितलं. फुकटचं कौतुक मिळालेल्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांनी डोकं मंद करेल असं सांगितलेलं औषध घेतलं.

मी हे वरून बोलत नाही. सत्ताविसाव्या वर्षी पुण्याला एक नोकरी चालून आली होती. आईची तब्येत बरी नसते, असं सांगून मी नाही म्हटलं. आई तेव्हा रोज राजवाड्यापर्यंत चालत जाऊन भाजी आणायची. तिला कळलं तेव्हा म्हणाली, “जायचं नसेल तर नको जाऊस, पण मला पुढे करू नकोस.”

घरातून आलेल्या धास्तीचं काय, हा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. इथली हुकुमचंद कापड मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या २२४ कोटींच्या देण्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. ज्या घराने ही बत्तीस वर्षं पाहिली, त्या घरातले बाबा ‘सरकारी नोकरी बघ’ म्हणतात तेव्हा त्यांना भित्रे म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांचा तो सावधपणाच आहे, हिशेबासकट. पण नातवापर्यंत हिशेब पोचत नाही, नुसतं ‘नको’ पोचतं. जिथे एकाच्या कमाईवर पाच जण जेवतात, तिथे तर सावधपणा आणि भीती दोन्ही इतके एकात एक विणलेले असतात की धागा वेगळा काढता येत नाही.

एप्रिलमध्ये बहिणीकडे गेलो. हप्ता संपला होता, सहा महिन्यांचा खर्चही बाजूला पडला होता. मग, राजीनामा?

“दादा, आता पावसाळा येईल. चकल्या सादळतात. दसऱ्याला बघू.”

पावसाळ्यात चकल्या सादळतात, हे तर खरंच आहे. मी कॅलेंडरवर दसऱ्याला खूण करून ठेवलीय.