तोकाईदोचे त्रेपन्न मुक्काम

जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याची प्रवासदृश्यांची लाकडी ठसेचित्रमालिका. एदो (आजचे तोक्यो) ते क्योतो हा सुमारे ५०० किमी.चा तोकाईदो राजमार्ग हा तिचा विषय. वाटेतले मुक्काम ५३, पण चित्रे ५५; एदोतील निहोनबाशी पूल आणि क्योतोतील सान्जो पूल ही दोन टोकेही तीत आहेत. होएइदो या प्रकाशनगृहाने १८३३-३४ च्या सुमारास ती पूर्ण केली.

१६३५ पासून दाइम्यो म्हणजे प्रांतोप्रांतीच्या सरदारांना ठरावीक काळ एदोत राहण्याची सक्ती झाली आणि त्यांच्या लवाजम्यांनी हा रस्ता गजबजला. इसेच्या देवस्थानाचे यात्रेकरू आणि व्यापारीही याच वाटेने जात. स्वस्तात मिळणारी ही चित्रे सामान्य लोकांनाही परवडत.

स्थळवर्णन म्हणून मात्र त्यांच्यावर फार विसंबू नये. कानबारा या मुक्कामाच्या चित्रात रात्रीच्या दाट बर्फातून तीन माणसे पाठी वाकवून चालली आहेत. प्रत्यक्षात कानबारा उबदार किनाऱ्यावर आहे आणि तिथे असा बर्फ क्वचितच पडतो. हिरोशिगेला गावापेक्षा वाटचालीचे हाल जास्त दिसतात. शोनोला अचानक सर कोसळते, पालखीचे भोई चढावर धाव घेतात, मागे बांबूचे बन करड्या छटांत झुकलेले. योक्काइचीला वाऱ्याने उडालेल्या टोपीमागे एक जण पळतो. ओई नदीवर पूल बांधायला शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, राजवटीची मनाई होती, म्हणून शिमादा आणि कानाया इथे हमाल प्रवाशांना खांद्यावरून किंवा फळ्यांवरून पार नेताना दिसतात.

हिरोशिगे फक्त रेखाटन करून देई. चेरीच्या लाकडावर ते कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. रंगागणिक ठसाही वेगळा. मिशिमाच्या सकाळच्या धुक्यात आकृत्या विरत जातात, त्याचे निम्मे श्रेय ओल्या ठशावर रंग पुसत पुसत फिका करणाऱ्या छापणाऱ्याला द्यायला हवे. या तंत्राला बोकाशी म्हणतात. असे कारागीर सहसा निनावीच राहत. गोयुच्या चित्रात मात्र, जिथे बायका वाटसरूंना ओढून खानावळीत नेत आहेत, तिथल्या पाट्यांवर कोरणारा जिरोबेई आणि छापणारा हेइबेई यांची नावे आहेत. शेजारच्या मोठ्या वर्तुळात होएइदोचा मालक ताकेनोउची यानेही आपली जाहिरात करून घेतली आहे.