एक्झामेन (ख्रिस्ती प्रार्थना)

एक्झामेन म्हणजे रोज थोडा वेळ देवासमोर शांत बसून दिवसाची उजळणी करायची, आज देव कुठे भेटला आणि आपण कुठे पाठ फिरवली ते बघायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जास्त करून येशूसंघीय (जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चमधला एक धर्मसंघ) लोकांची प्रार्थना म्हणून ती ओळखली जाते, पण आता बरेच प्रोटेस्टंटही करतात.

मन तपासायची सवय मठांमध्ये आधीपासून होतीच, तिला नीट घडी बसवली संत इग्नेशियस लोयोला यांनी. ते स्पेनमधले, मूळचे शस्त्र चालवणारे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि घरी अंथरुणावर पडले, वाचायला काय तर ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी एवढंच. पडल्या पडल्या कधी पराक्रम गाजवून एका मोठ्या घरच्या बाईची मर्जी मिळवायची स्वप्नं बघायचे, कधी संतांसारखं जगायची. रंगून जायचे दोन्हीत, पण पहिलं संपलं की मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राहायचा. पुढचं सगळं या एका निरीक्षणातून निघालंय असं म्हटलं तरी चालेल.

त्यांच्या 'स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस' या पुस्तकात (पोप तिसरे पॉल यांची मान्यता १५४८) पाच पायऱ्या आहेत. आधी आभार, मग आपली पापं दिसावीत म्हणून कृपा मागणं, मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने तपासणं, मग क्षमा, मग सुधारायचा निश्चय, आणि या पाचव्या पायरीच्या शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'). आभार सगळ्यात आधी आहेत हे बरेच जण विसरतात आणि मग एक्झामेन म्हणजे नुसती चुकांची यादी होऊन बसते, आठवडाभरात कंटाळा येतो.

खरी दिशा कळते ती बरेच दिवस केल्यावर, कारण कशाने विश्वास, आशा, प्रेम वाढतं (सांत्वन) आणि कशाने मन देवापासून लांब जातं (विषाद) हे तेव्हा कुठे दिसायला लागतं. यात गंमत अशी की सांत्वन म्हणजे छान वाटणंच असं नाही, स्वतःच्या पापाबद्दल रडू येणं हेही इग्नेशियस सांत्वनातच धरतात. आणि विषादाच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, उलट प्रार्थना थोडी वाढवायची, हा त्यांचा नियम तर फारच कामाचा आहे, कारण माणूस नेमका तेव्हाच सगळं सोडून द्यायला निघतो.

एकट्याने केलं तर स्वतःची फसवणूक होऊ शकते म्हणून बरेच जण अधूनमधून आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोलतात. तो फादरच पाहिजे असं नाही, सिस्टर किंवा साधी प्रापंचिक व्यक्तीही चालते, आणि हे कन्फेशन (फादरसमोर पापांची कबुली) नव्हे. साधना करून घेणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं, कुठल्याच बाजूला झुकू नये, देवाला त्या माणसाशी थेट बोलू द्यावं असं पुस्तकातच सांगितलंय, त्यामुळे हे कर ते कर असे हुकूम सोडणारा मार्गदर्शक भेटला तर दुसरा बघावा.