अरोराच्या फोटोतली वलयं आणि लेन्सवरची ‘संरक्षक’ काच

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत आता नॉर्वेतलं ट्रोम्सो आणि आइसलँड ही नावं ठळक अक्षरांत असतात, कारण तिथे अरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश, दिसतो. सूर्य जितका सक्रिय, तितका अरोरा जास्त; आणि सूर्य त्याच्या सक्रियतेच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राच्या शिखरावर पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी १० आणि ११ मे यांच्या दरम्यानच्या रात्री लडाखमधल्या हान्ले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही आकाशातला लाल प्रकाश टिपला. साहजिकच अरोराचे फोटो आता ओळखीपाळखीतल्या मंडळींकडून येऊ लागलेत. त्यातल्या काही फोटोंमध्ये एक विचित्र गोष्ट दिसते. हिरव्या पडद्याच्या मधोमध एकात एक गुंफलेली गोल वलयं असतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी.

ही वलयं आकाशात नसतात. कुणी त्यांना ‘ऊर्जावलयं’ म्हणतं, कुणी परग्रहवासीयांचा संकेत. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कॅमेऱ्यात त्याच क्षणी ती नसतात, आणि कॅमेरा दुसरीकडे वळवला तरी वलयं फोटोच्या मध्याला चिकटून राहतात. एवढ्या दोन निरीक्षणांवरूनच ठरतं की कारण कॅमेऱ्यात आहे. ते कारण म्हणजे लेन्सच्या तोंडावर फिरकीने बसवलेली सपाट काच: यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर किंवा ‘प्रोटेक्टर’.

फिल्मच्या काळात या फिल्टरला खरं काम होतं. निळ्या रंगासाठी असलेला फिल्मचा थर अतिनील किरणांनाही प्रतिसाद द्यायचा. हवेतून विखुरणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून उंच डोंगरावर दूरची दृश्यं निळसर, धुरकट यायची. डिजिटल सेन्सरच्या पुढे अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते. म्हणजे यूव्ही फिल्टरचं मूळ काम आता जवळपास संपलं आहे. तरी नव्या लेन्सबरोबर तो घ्यायला लावतातच, ‘लेन्स सुरक्षित राहते’ या एका वाक्यावर.

आता वलयांकडे वळू. मला या सगळ्या विषयात सर्वात सुंदर वाटणारा भाग हाच आहे.

साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, सुमारे १.५. अशा काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फिरतो. काच म्हणजे ‘काही नाही’ असं आपण धरून चालतो, पण तिला दोन पृष्ठभाग असतात. बहुतेक प्रकाश थेट पार होतो. थोडासा प्रकाश मात्र मागच्या पृष्ठभागावरून उलटा फिरतो, पुढच्या पृष्ठभागावर पुन्हा आपटतो आणि मग थेट गेलेल्या प्रकाशामागोमाग बाहेर पडतो. दोनदा परावर्तन झाल्याने त्याची तीव्रता ४ टक्क्यांच्या ४ टक्के, म्हणजे ०.१६ टक्के उरते. इतक्या क्षीण प्रकाशाने फोटोत काय फरक पडणार?

पडतो, कारण दोन लाटा भेटतात तेव्हा तीव्रता नव्हे, लाटांची उंची मिळवायची असते. तीव्रता उंचीच्या वर्गाएवढी. ०.१६ टक्के तीव्रतेच्या लाटेची उंची थेट लाटेच्या ४ टक्के भरते. माथ्याला माथा जुळला तर एकूण उंची १.०४, तिचा वर्ग १.०८. माथ्याला खळगा भिडला तर ०.९६, वर्ग ०.९२. उजळ आणि मंद यांत तब्बल १६ टक्क्यांचा फरक पडला! बारावीच्या पुस्तकातलं व्यतिकरण (इंटरफेरन्स) ते हेच.

माथ्याला माथा कुठे जुळेल हे ठरतं काचेतल्या जादाच्या प्रवासावरून. काच २ मिलिमीटर जाड असेल, तर सरळ जाणाऱ्या किरणासाठी हा जादाचा प्रवास २ × १.५ × २, म्हणजे ६ मिलिमीटर हवेतल्या अंतराइतका होतो. अरोराच्या हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर, म्हणजे त्या ६ मिलिमीटरमध्ये सुमारे १०,७६० लाटा मावतात. किरण थोडा तिरका आला की मार्गातला हा फरक किंचित कमी होतो. २ मिलिमीटरच्या काचेत तो बरोबर एका लाटेने कमी व्हायला मध्यापासून फक्त १.२ अंश तिरकेपणा पुरतो. हा फरक फक्त कोनावर अवलंबून असल्याने समान कोनाची सगळी ठिकाणं एका वर्तुळावर येतात. समान कोनातून आलेले समांतर किरण सेन्सरवर एकाच बिंदूत एकवटतात ते लेन्स अनंतावर फोकस केलेली असताना, आणि अरोरासाठी लेन्स नेमकी तशीच लावलेली असते. म्हणून वलयं रेखीव उमटतात.

मग दिवसाच्या फोटोत ती का दिसत नाहीत? लाटेच्या लांबीचा नेमकेपणा हे त्याचं उत्तर. दिवसाच्या प्रकाशात असंख्य तरंगलांब्या मिसळलेल्या असतात. सेन्सरच्या हिरव्या बिंदूंपर्यंत पोचणारा पट्टाही सुमारे १०० नॅनोमीटर रुंद असतो. अशा प्रकाशातल्या लाटा काही मायक्रोमीटरनंतर एकमेकींशी ताळमेळ सोडतात. ६ मिलिमीटर मागून येणाऱ्या लाटेला जुळायला कुणी उरतच नाही. अरोराचा हिरवा रंग मात्र ऑक्सिजनच्या अणूंमधून येतो, तोही साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरून. तिथली हवा इतकी विरळ असते की अणूंच्या टकरींनी या प्रकाशाची वर्णपटातली बारीक रेषा पसरट होत नाही. अणूंच्या उष्णतेच्या हालचालीमुळे तिला जी रुंदी येते, ती नॅनोमीटरच्या काही सहस्रांश भागांएवढीच. त्यामुळे या लाटांचा ताळमेळ दहा सेंटिमीटरहून जास्त अंतर टिकतो. त्यापुढे ६ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. २००० रुपयांची ‘संरक्षक’ काच इथे व्यतिकरणमापक (इंटरफेरोमीटर) होऊन बसते.

आणि हे अगदी शब्दशः खरं आहे. अरोराची हिरवी रेषा १८६० च्या दशकात स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ ऑंगस्ट्रॉम यांनी पाहिली, पण ती कशाची, हे पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ कळत नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी ‘जिओकोरोनियम’ नावाचा अज्ञात वायूच कल्पिला. नॉर्वेच्या वेगार्ड यांना ती गोठलेल्या नायट्रोजनच्या कणांची वाटली. १९२३ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हॅरोल्ड बॅबकॉक यांनी रात्रीच्या आकाशातला हाच हिरवा प्रकाश फाब्री-पेरो उपकरणातून पाहिला. त्या उपकरणात समोरासमोरच्या दोन समांतर परावर्तक पृष्ठभागांमुळे अशीच वलयं उमटतात. त्यांवरून त्यांनी तरंगलांबी ५५७.७३५ नॅनोमीटर अशी मोजली. इतका काटेकोर आकडा हाती आल्यावरच प्रयोगशाळेतल्या रेषेशी तुलना करण्यात अर्थ होता. १९२५ मध्ये टोरांटोच्या मॅक्लेनन आणि श्रम यांनी ती रेषा ऑक्सिजनची असल्याचं दाखवून दिलं.

चांगल्या बहुस्तरीय कोटिंगचा फिल्टर असेल, तर प्रत्येक पृष्ठभागावरचं परावर्तन ०.२ टक्क्यांपर्यंत खाली येतं आणि वलयांमधला उजळ-मंद फरक एक टक्क्याहून कमी होतो. तरी अंधाऱ्या आकाशाचे फोटो नंतर संगणकावर बरेच ताणले जातात, म्हणून सरळ उपाय एकच: अरोरासाठी फिल्टर काढा. तोही खोलीतच काढा. बाहेरच्या थंडीत हातमोजे घालून ती बारीक चकती फिरवणं त्रासाचं असतं.

सपाट काचेची दुसरी खोड आपल्याकडच्या रात्रीच्या फोटोंत दिसते. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा फोटो काढला की सेन्सरवर पडलेला थोडा प्रकाश उलटा लेन्समधून बाहेर जातो, सपाट फिल्टरवर आपटून परत येतो आणि फोटोच्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिव्यांची फिकी, उलटी रांग उमटवतो. लेन्सची स्वतःची काच वक्र असल्याने तिच्यावरून परतणारा प्रकाश बहुधा पसरून जातो. सपाट काच त्याला नीट फोकसमध्ये परत पाठवते. असा डाग दिसला तर खऱ्या दिव्यापासून फोटोच्या मध्यातून जाणारी रेषा ओढून पाहा. डाग त्याच रेषेवर, तेवढ्याच अंतरावर पलीकडे असेल, तर फिल्टर काढून पुन्हा फोटो घ्या.

म्हणजे फिल्टर फेकून द्यायचा का? नाही. जेजुरीला भंडारा उधळला जात असताना, जोतिबाच्या गुलालात, कोकणच्या किनाऱ्यावर खारे तुषार उडत असताना तो लावावाच. मीठ किंवा बारीक भुकटी लेन्सच्या काचेवरून वारंवार पुसण्यापेक्षा फिल्टरवरून पुसणं केव्हाही बरं. कॅननच्या काही एल मालिकेतल्या लेन्सना तर धूळ-पाण्यापासून पूर्ण संरक्षणासाठी पुढे फिल्टर लावायलाच सांगितलेलं असतं. लेन्स हातातून पडली तर फिल्टर वाचवेल, यावर मात्र माझा फारसा भरवसा नाही. फिल्टरची काच पातळ, लेन्सची पुढची काच जाड. फिल्टर फुटला म्हणजे लेन्सही फुटलीच असती, असा अर्थ निघत नाही. धक्का झेलायला लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाभोवतीचं पुढे आलेलं कडं, अधिक उपयोगी, आणि तो प्रकाशाच्या वाटेतही येत नाही.

वलयांचे फोटो घेऊन परतला असाल, तर ते पुसू नका. प्रत्येक उजळ वलयाची सेन्सरवरची त्रिज्या मिलिमीटरमध्ये काढा. ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर आडवे ६००० पिक्सेल असतील, तर एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा. त्रिज्यांचे वर्ग करा. लागोपाठच्या वर्गांमधला फरक जवळपास सारखा येतो. १.५ गुणिले ०.०००५५७७ गुणिले लेन्सच्या फोकल लेंग्थचा वर्ग, आणि याला त्या फरकाने भागा. येणारं उत्तर म्हणजे तुमच्या फिल्टरच्या काचेची मिलिमीटरमधली जाडी. २० मिलिमीटरच्या लेन्ससाठी वर्गांमधला फरक ०.१६७ आला, तर काच २ मिलिमीटरची.